एलएलबी ही ‘करून ठेवायची’ डिग्री नाही

पदवीचे निकाल लागले की आपल्या खानदेशात घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं. मुलगी बी.ए. किंवा बी.कॉम. झालेली असते. बी.एड.चं मनात नसतं, एमपीएससीचा भरवसा नसतो आणि स्थळं बघणं तर चालूच असतं. मग कोणी मामा, कोणी काका सुचवतात, “एलएलबी करून ठेव ना! कधी ना कधी कामाला येईल.” घरच्यांनाही ते पटतं. मुलगी रिकामी बसली असं कोणी म्हणायला नको आणि लग्नपत्रिकेत नावापुढे तीन अक्षरं छान दिसतात.

मला खटकतो तो हा शब्द, ‘करून ठेव’. उन्हाळ्यात आपण पापड, कुरडया, बिबड्या करून ठेवतो. डब्यात भरल्या की वर्षभराची काळजी मिटली. कायद्याची डिग्री मात्र अशी डब्यात टिकत नाही. कायदा शिकायला तीन वर्षं लागतात आणि तो वापरता यायला पुढची निदान तीन. घरचे पहिल्या तीन वर्षांचा हिशेब करतात, दुसऱ्या तीन वर्षांचा कोणीच करत नाही. म्हणून विधी महाविद्यालयाच्या वर्गात मुली चांगल्या संख्येने दिसतात, पण दुपारी बारा वाजता जळगावच्या किंवा धुळ्याच्या कोर्टाच्या आवारात उभं राहिलं तर काळ्या कोटातल्या बायका त्या मानाने कमीच दिसतात. मधल्या मुली कुठे गेल्या? कोट कपाटात गेला आणि मुलगी सासरी गेली, एवढंच त्याचं उत्तर असतं.

आपल्या भागाला या शिक्षणाचं अप्रूप नसावं. देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या, नाडगावच्या. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात त्या एम.ए. झाल्या. कायद्याची पदवी मात्र त्यांना मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून घ्यावी लागली. वकिलीची सुरुवात त्यांनी केली ती जळगावच्या जिल्हा न्यायालयात. १९६२ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी त्या जळगावातून आमदार झाल्या आणि २००७ मध्ये राष्ट्रपती भवनात पोहोचल्या. सगळ्याजणी राष्ट्रपती होणार नाहीत, हे उघड आहे. पण त्या काळात एका मुलीने मुंबईला जाऊन कायदा शिकावा आणि परत येऊन जळगावच्या कोर्टात उभं राहावं, ही साधी गोष्ट नव्हती. आज मुंबईला जायची गरज नाही. जळगावात केसीई सोसायटीचं मणियार विधी महाविद्यालय आहे, धुळ्यातही कायद्याच्या शिक्षणाची सोय आहे. विद्यापीठ तर आपलंच, आणि २०१८ पासून त्याला नाव आहे शाळेची पायरीही न चढलेल्या बहिणाबाईंचं. म्हणजे कॉलेज दाराशी आलं. आता अडलंय ते घरातल्या हिशेबापाशी.

तर हा अभ्यास नेमका कसा असतो, ते बघू या. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी पदवीला खुल्या गटात ४५ टक्के गुण लागतात, राखीव गटांना त्यात सूट आहे. २०१६ पासून प्रवेशासाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. कायद्याचं प्राथमिक आकलन, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी असे विषय असतात. पर्याय निवडायचे प्रश्न असतात, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत आणि पेपर मराठीतूनही देता येतो. त्यामुळे सीईटीचं नाव ऐकूनच फॉर्म न भरणाऱ्या मुलींनी ही भीती आधी काढून टाकावी. सीईटीनंतर प्रवेशाच्या फेऱ्या असतात. त्यांच्या तारखा चुकल्या तर वर्ष जातं, म्हणून तारखांवर लक्ष ठेवायचं काम दुसऱ्या कोणावर सोपवू नका.

पैशाचंही सांगते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि ओबीसी, या गटांतल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये घेतला. त्यासाठी प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्तीच्या योजना आधीपासून आहेत. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन स्पष्ट विचारा. विचारायला लाजायचं काही कारण नाही, वकील व्हायला निघालोय आपण!

एक इशारा. पत्रव्यवहाराने किंवा घरबसल्या ऑनलाइन केलेली एलएलबी वकिलीला चालत नाही. ‘कॉलेजला यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या’ असं कोणी सांगत असेल तर दोनदा विचार करा. ती डिग्री खरोखरच ‘करून ठेवण्या’पुरती होईल.

आता वर्गात काय? पहिल्या वर्षी करार, अपकृत्य, संविधान, कौटुंबिक कायदा, फौजदारी कायदा असे विषय भेटतात. पुस्तकं जाड आणि भाषा जड. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना सुरुवातीचे सहा महिने वाटतं की आपण चुकीच्या गाडीत बसलो. तसं नसतं. कायद्याचं इंग्रजी सगळ्यांनाच नवं असतं, कॉन्व्हेंटच्या मुलीलाही. रोज पाच शब्द वहीत लिहून त्यांचा मराठी अर्थ समोर मांडला तर वर्षभरात गाडी रुळावर येते. परीक्षेचा पेपर कोणत्या भाषेत लिहिता येईल, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावं.

आणि मराठीची लाज तर मुळीच नको. १९९८ पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. दावा, कैफियत, साक्षीपुरावा हे सगळं मराठीत चालू शकतं. इंग्रजी लागतं ते उच्च न्यायालयात. आपल्या जिल्ह्यांची अपिलं छत्रपती संभाजीनगरच्या औरंगाबाद खंडपीठात जातात. तिथवर जायचं असेल तर इंग्रजी कमवावं लागेल. पण तालुका कोर्टात अहिराणीतून बोलणारी पक्षकार बाई जिचं बोलणं एका दमात समजते, ती वकीलीण इंग्रजी फाडफाड बोलणाऱ्यापेक्षा कामाला बरी.

हल्ली शिकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायदे बदलले. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. सासरच्या छळाचं ४९८-अ हे कलम आपल्या बायकांना तोंडपाठ. नव्या संहितेत ते ८५ आणि ८६ या कलमांत आहे. खावटीचं कलम १२५ आता नव्या कायद्यात १४४ झालं. थोरल्या चुलतबहिणीची जुनी पुस्तकं मिळाली म्हणून तेवढ्यावर भागवू नका. पण ती रद्दीतही घालू नका, कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्या दंड संहितेप्रमाणेच चालतात. दोन्ही वाचावं लागेल. डब्यातली डिग्री टिकत नाही म्हणते ती याच अर्थाने. २०१० मध्ये एलएलबी करून ठेवलेली बाई आज कोर्टात उभी राहायची म्हटली तर अर्धा अभ्यास तिला नव्याने करावा लागेल.

खरं सांगायचं तर परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाइड वाचून पास होणाऱ्या मुली आहेत आणि मुलंही आहेत. डिग्री मिळते त्यांनाही. पण अभ्यासक्रमातच प्रत्यक्ष कामाचे पेपर आहेत: मसुदे लिहायचे, अभिरूप न्यायालयात युक्तिवाद करायचा, कोर्टात बसून कामकाज पाहायचं. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान १२ आठवडे प्रत्यक्ष अनुभव घ्यायचा असतो. पुष्कळ ठिकाणी हे दुसऱ्याची वही उतरवून भागवलं जातं. तेवढं मात्र करू नका. वर्गात चार लोकांसमोर उभं राहून बोलताना जिचे पाय लटपटतात, तिला न्यायाधीशासमोर एकदम कसं बोलता येणार? पाय लटपटायचेच असतील तर ते कॉलेजात लटपटलेले बरे.

इथपर्यंत पहिली तीन वर्षं झाली. आता दुसरी तीन.

निकाल लागला की महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नाव नोंदवून सनद घ्यायची. पूर्वी यासाठी वेगवेगळ्या नावांखाली हजारो रुपये लागायचे. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्याहून जास्त शुल्क घेता येणार नाही. ते आहे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये, आणि मुद्रांक शुल्क वेगळं. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झाम ही परीक्षा द्यावी लागते. २०११ पासून ती सुरू आहे. ती पास झाल्याशिवाय वकिली पुढे चालू ठेवता येत नाही.

मग सुरू होते ती खरी शाळा. एखाद्या ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून राहायचं. सकाळी ऑफिसात फायली लावायच्या, अकराला कोर्ट, तारखा घ्यायच्या, नकला काढायच्या, संध्याकाळी पुन्हा ऑफिस. आणि पैसे? पहिलं वर्ष-दीड वर्ष जाण्यायेण्याचा खर्च निघाला तरी नशीब. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं की ज्युनिअरला ग्रामीण भागात महिन्याला निदान १५ हजार आणि शहरात २० हजार मानधन द्यावं. पण ही शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या ठिकाणी ज्येष्ठ वकिलाचंच कधी कधी जेमतेम निघतं, तिथे तो ज्युनिअरला काय देणार?

इथेच आपल्या मुली गळतात. मुलगा तीन वर्षं बिनपगारी राहिला तर घर म्हणतं, ‘प्रॅक्टिस जमवतोय.’ मुलगी राहिली तर म्हणतात, ‘काय मिळतं तिला? त्यापेक्षा घरी बसलेली बरी.’ चाळीसगावहून जळगावला किंवा शिरपूरहून धुळ्याला रोज एसटीने जाणारी मुलगी संध्याकाळी सातला घरी आली की प्रश्न सुरू होतात. ज्येष्ठ वकील पुरुष असेल तर आणखी प्रश्न. लग्न ठरताना सासरचे म्हणतात, “शिकलेली हवी, वकिली काय, पुढे बघू.” हे ‘पुढे बघू’ म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

पण आता कायद्यानेच या दुसऱ्या तीन वर्षांना किंमत आली आहे. न्यायाधीश व्हायचं तर एमपीएससीमार्फत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर ही परीक्षा असते. पुष्कळ मुली एलएलबी झाल्या की घरी बसून तिचाच अभ्यास करायच्या. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या पदासाठी निदान तीन वर्षांची वकिली हवी. अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावीच, पण दिशा कुठली आहे हे स्पष्ट आहे. मोफत कायदेशीर मदतीच्या सरकारी यादीवर वकील म्हणून यायचं तर तीन वर्षांचा अनुभव लागतो. नोटरी व्हायला सर्वसाधारणपणे दहा वर्षांची वकिली लागते, बायकांना सात. म्हणजे कुठलंही दार उघडा, आत विचारतात ते हेच: कोर्टात किती वर्षं उभी राहिलीस? डिग्री कुठल्या वर्षी ‘करून ठेवली’, हे कोणी विचारत नाही.

काही जणी म्हणतील, वकिली नाही केली तरी स्वतःपुरता कायदा कळतो, ते काय कमी? कमी नाही. सातबारा वाचता येणारी, भाडेकरार समजणारी बाई घरात असणं चांगलंच. पण तेवढ्यासाठी तीन वर्षं आणि तेवढा खर्च लागत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या एखाद्या शिबिराला बसलं तरी पुष्कळ कळतं. डिग्री घेताना इच्छा वकिलीची असावी. पुढे मार्ग बदलला, बँकेत किंवा सरकारी खात्यात विधी अधिकारी झालात, तर तोही चांगलाच. निवड तुमची असावी, परिस्थितीने केलेली नसावी.

आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्या बायकांसाठी. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच असतो, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असणं गरजेचं नाही. पण आपल्याकडे काय होतं? बहिणीला बोलावतात, साडीचोळी करतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागा असोत की धुळ्याकडची कोरडवाहू कपाशीची शेतं, चित्र सारखंच. ती सही करायची की नाही हा तिचा प्रश्न. पण कागदावर काय लिहिलंय, हे तिला समजेल अशा भाषेत सांगणारी एक बाई तालुक्याला असावी, एवढं तरी?

खावटीच्या अर्जातली बाई, घरात मार खाणारी बाई जे सांगते ते सगळं पुरुष वकिलासमोर बोलवत नाही. १९९४ मध्ये जळगावचं वासनाकांड उघडकीला आलं, तेव्हा तक्रार द्यायला पुढे येताना मुली आणि त्यांचे आईबाप किती धास्तावले होते, हे त्या काळातल्या बायकांना आठवत असेल. अशा वेळी समोर ऐकणारी एक बाई असली तर बोलणं थोडं तरी सोपं होतं. कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच ते लिहिलेलं आहे. पण हा मोफत वकील म्हणून बाई मिळायला यादीवर बायका असाव्या लागतात, आणि त्यासाठी कोणी तरी ती बिनपगारी तीन वर्षं काढलेली असावी लागतात.

‘छोट्या गावच्या कोर्टात काय ठेवलंय’ असंही कोणी म्हणेल. आहो, जळगावच्या गाजलेल्या घरकुल प्रकरणाचा निकाल ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्याच विशेष न्यायालयात लागला. तेव्हा मोठे खटले फक्त मुंबईत चालतात, या समजुतीत राहू नका. आणि बायकांना हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा: नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा पास झाल्या, पण बाई म्हणून त्यांना वकिली करू देत नव्हते. १९२३ मध्ये कायदा झाला तेव्हा कुठे दार उघडलं. तीस वर्षं वाट पाहिली त्यांनी. आपल्याला तीन वर्षं घरच्यांकडून मागायची आहेत.

लग्न झालेल्या, मुलं थोडी मोठी झालेल्या मैत्रिणींनाही सांगते. सीईटीला वरची वयोमर्यादा नाही. चाळिशीतही एलएलबीला बसता येतं, आणि पक्षकार वयाने पोक्त वकीलिणीवर चटकन विश्वास टाकतात. फक्त घरातली कामं वाटून घ्या. वकिली आणि तीन वेळचा स्वयंपाक, दोन्ही एकटीने करायचं ठरवलं तर दोन्हीतली चव जाईल.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. सीईटीचा फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी घरच्या सगळ्यांसोबत बसा. वडील, आई, भाऊ, लग्न झालेलं असेल तर नवरा आणि सासूबाई. एका कागदावर सहा वर्षं लिहा. पहिल्या तीन वर्षांसमोर फी, पुस्तकं, एसटीचा पास. पुढच्या तीन वर्षांसमोर सनद, कोट, गाडीभाडं, आणि ‘कमाई शून्य’ असं स्पष्ट लिहा. त्या तीन वर्षांचा खर्च कोण उचलणार, संध्याकाळी उशीर झाला तर घरात कोण बघणार, स्थळ आलं तर ही अट आधी कोण सांगणार, हे तिथल्या तिथे ठरवा. लग्नाच्या बोलणीत मानपानाची यादी होते ना, तशी हीही एक ओळ असू द्या.

घरचे सहाही वर्षांना ‘हो’ म्हणाले तर निर्धास्त प्रवेश घ्या. तीनलाच ‘हो’ म्हणाले तरी घ्या. फक्त तेव्हाच ओळखून असा की पुढच्या तीन वर्षांसाठीचा पहिला युक्तिवाद तुम्हाला घरातच करायचा आहे.